पाकिटाची पाठ दाखवा, मग पैसे घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेही मोबाईलवर टाइप करून, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं जरा सांभाळून घ्या. विषय म्हटला तर साधा आहे, ऑनलाइन मिळणारे शुगर फ्री गोड पदार्थ. तुमच्याकडं रस्ते, पाणी, ऊसदर, सीमाप्रश्न ह्यावरची पत्रं येतात आणि ती यायलाच पाहिजेत, पण आमच्या घरात गेल्या दिवाळीपासनं जे चाललंय ते आणखी चिक्कार घरात चालत असणार म्हणून लिहायला बसलो.

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे. आईचं वय ७२, शुगर निघून बारा वर्षं झाली. गोळ्या वेळच्या वेळी, सकाळी शिवाजी उद्यानात फेऱ्या, रात्री ज्वारीची भाकरी, सगळं अगदी शिस्तीत. फक्त गोड म्हटलं की तिचा जीव कासावीस होतो, आणि तिचं तरी काय चुकलं, माहेरी लग्नात मांडे, सासरी कुठलीही चांगली बातमी आली की पहिल्यांदा कुंदा, पाहुणा गोकाककडनं आला तर हातात करदंटाचा, म्हणजे गूळ-सुक्यामेव्याच्या वड्यांचा, पुडा. ती म्हणते, "बेळगावात जन्मून कुंदा खायचा नाही म्हणजे कोकणात राहून मासा खायचा नाही असं झालं की रे." ह्याला उत्तर नाही माझ्याकडं.

तर झालं असं, धाकटी बहीण पुण्याला असते, तिला दिवाळीला यायला जमलं नाही म्हणून तिनं आईसाठी ऑनलाइन दोन प्रकारचे बॉक्स धाडले, काजू-मावा बर्फीचे दोन आणि खजूर लाडवाचा एक. बर्फीवर समोर भल्या मोठ्या अक्षरात शुगर फ्री, लाडवावर नो शुगर, बाजूला हिरवं पान, खाली डायबेटिक फ्रेंडली. पाव किलो बर्फीला ५४९ रुपये, तेवढ्यात इथं कुंद्याचा चांगला मोठा डबा येतो, पण बहिणीनं प्रेमानं पाठवलेलं, किंमत कोण बघतंय. आईला फोनवर सांगितलं, "आई, ह्यात साखरच नाही, बिनधास्त खा." झालं, आईनं बिनधास्त हा शब्द मनावर घेतला. वसुबारसेपासनं सकाळी चहाबरोबर दोन, दुपारी जेवल्यावर दोन, संध्याकाळी कुणी आलं की त्यांच्याबरोबर दोन, म्हणजे दिवसाला सहा-सात वड्या, आणि आम्हीही काही बोललो नाही कारण आम्हालाही वाटलं साखर नाही तर काय होतंय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर बघितली तर जेवणानंतरची २६८. एरवी तिची १७०-१८० च्या आसपास असते. शिवाय दोन रात्री पोटात गुरगुर आणि सारखं संडासला. आता प्रामाणिकपणे सांगतो, घरात चकली, चिवडा, करंजी होती, आईनं त्यातलं काय काय तोंडात टाकलं हे तिला आणि देवालाच माहीत, त्यामुळं सगळं पाप त्या बर्फीच्या डोक्यावर मी घालत नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय खाल्लं?" आणि मी बॉक्स पुढं केला. त्यांनी समोरची बाजू बघितलीसुद्धा नाही, थेट उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पाकीट वाचायचं असतं ते पाठीकडनं.

मागं काय होतं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. घटक म्हणजे काजू, खवा, माल्टिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन, वेलची, आणि स्वीटनर म्हणून कंसात ९५५ हा नुसता आकडा. खाली तक्ता, १०० ग्रॅममागं कार्बोहायड्रेट ५२ ग्रॅम, त्यात एकूण साखर ९ ग्रॅम, वरून घातलेली साखर शून्य, पॉलिऑल (साखरेऐवजी घालायची गोड द्रव्यं, त्या माल्टिटॉलसारखी) २४ ग्रॅम, फॅट ३१ ग्रॅम. एक वडी पंधरा ग्रॅमची, म्हणजे सहा-सात वड्या झाल्या की १०० ग्रॅम, म्हणजे आईनं रोज तो अख्खा तक्ता खाल्ला. कार्बोहायड्रेटच्या हिशोबानं बघितलं तर पॉलिऑल बाजूला काढूनही एका भाकरीच्या जवळपास, आणि ही भाकरी जेवणातल्या भाकरीच्या वर. त्यात ३१ ग्रॅम फॅट, ते वेगळंच.

मी म्हटलं, डॉक्टर, पण वर तर शुगर फ्री लिहिलंय. ते हसले आणि म्हणाले, "साखर नाही म्हणजे खवा नाही, पीठ नाही, तूप नाही असं कुठं लिहिलंय?"

त्यानंतर मी जे वाचायला लागलो ते अजून वाचायलोय. बायको म्हणते दहावीला एवढा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं. आपल्याकडं अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचे, २०१८ चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की शुगर फ्री म्हणायचं असेल तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. लो शुगर म्हणायचं तर घट्ट पदार्थात ५ ग्रॅमपर्यंत. आणि नो अॅडेड शुगर हा तिसराच प्रकार, म्हणजे वरून कुठलीही साखर घातलेली नाही, पण पदार्थात मुळात आहे ती आहेच. आपण ह्या तिन्हीला एकच समजतो, आणि विकणाऱ्याला आपण तसंच समजावं असं वाटत असतं. ज्या बर्फीत ९ ग्रॅम साखर त्यांच्याच तक्त्यात छापलीय तिच्या तोंडावर शुगर फ्री कसं काय लिहिलं?

ही ९ ग्रॅम आली कुठनं, हे मला आधी कळेना कारण घातलेली साखर तर शून्य. मग लक्षात आलं, खवा! दुधात दुधाची अशी साखर असतेच, लॅक्टोज म्हणतात तिला, १०० ग्रॅम दुधात साडेचार-पाच ग्रॅम. दूध आटवलं की पाणी उडून जातं, साखर थोडीच उडते, ती कढईतच राहते आणि दाट होते, त्यामुळं खव्यात ती वीस ग्रॅमच्याही वर जाते. थोडी काजूतही असते. आता हे आपल्या कुंद्याला लावून बघा. कुंदा म्हणजे दूध तांबूस होईस्तोवर आटवायचं, आटवायचं आणि आटवायचं. म्हणजे साखरेचा एक कणसुद्धा न घालता कुंदा केला तरी तो नियमानं शुगर फ्री होऊच शकत नाही, फार तर नो अॅडेड शुगर होईल. आणि मी आत्ता हे पत्र लिहिता लिहिता मोबाईलवर शोधलं तर शुगर फ्री कुंदा, शुगर फ्री पेढा, शुगर फ्री कलाकंद, रांगेनं उभे आहेत की हो.

त्या माल्टोडेक्स्ट्रिनचं तर आणखी भारी. हे पिठासारखं पांढरं, स्टार्चपासनं काढलेलं, पदार्थाला अंग यावं म्हणून घालतात, कारण साखर काढली की वडी बसत नाही, काहीतरी भर घालायला लागतेच. कागदावर ह्याची गणती साखरेत होत नाही कारण त्याची साखळी लांब, आणि नियमात साखर म्हणजे लहान साखळीची तेवढीच. पण पोटात गेल्यावर ते पटापट तुटतं आणि ग्लुकोजच होतं. म्हणजे साखर ह्या ओळीत शून्य आणि मशीनवर आकडा वर, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणून मी आता साखरेची ओळ दुसऱ्यांदा बघतो, पहिल्यांदा एकूण कार्बोहायड्रेटची.

आणि ते २४ ग्रॅम पॉलिऑल म्हणजे माल्टिटॉल. हा साखरेइतका नाही पण जवळजवळ तेवढाच गोड, कॅलरी साखरेच्या निम्म्याच्या आसपास, रक्तातली साखर कमी वाढवतो पण वाढवतोच, शून्य नाही. अर्धवट पचतो, उरलेला मोठ्या आतड्यात जातो, तिथं पाणी ओढून घेतो आणि जंतू त्याच्यावर ताव मारतात, मग गॅस आणि जुलाब. ह्याचीसुद्धा सूचना बॉक्सवर होती बरं का, पॉलिऑलनं जुलाब होऊ शकतात अशा अर्थाची, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आईला रात्री दोन वाजता ती कोण वाचून दाखवणार.

खजूर लाडवाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात विशेष असं काहीच नाही, उघड उघड आहे. नो शुगर म्हणतात आणि खजूर साठ टक्के, तक्त्यात एकूण साखर ४१ ग्रॅम. वाळलेल्या खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते. तसंच गुळाचं. आपल्याकडं तर गूळ म्हणजे औषध अशी समजूत, रिफाइंड शुगर नाही ओन्ली जॅगरी असं लिहिलं की लगेच कार्टमध्ये. गुळात १०० ग्रॅममागं ८० ग्रॅमच्या वर साखरच आहे, लोह-बिह असेल थोडं, पण त्यासाठी शुगरवाल्यानं करदंट खायचा म्हणजे म्हशीसाठी दावं घ्यायला जाऊन म्हैस विकण्यासारखं आहे. मध घातलेलंही तेच. जानेवारीत आपल्याकडं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांशिवाय काही दिसत नाही, जिल्ह्यात साखर कारखाने चिक्कार, साखरेवर शिकवणारी निजलिंगप्पा इन्स्टिट्यूट आपल्याच गावात, आणि साखर कशाला म्हणायचं हे आम्हाला सत्तेचाळिसाव्या वर्षी बॉक्स उलटा करून कळायलंय.

आता मुद्द्यावर येतो. हा बॉक्स मी दुकानात घेतला असता तर उलटा करून बघितला असता, नाही कळलं तर दुकानदाराला विचारलं असतं. ऑनलाइन कसं उलटा करणार? मी बहिणीकडनं त्या पानाची लिंक मागवली आणि बघितलं. सात फोटो होते. समोरची बाजू, तीच थोडी तिरकी, पणत्यांबरोबर, चांदीच्या ताटलीत, एक आजी हसायलीय, एक फॅमिली हसायलीय आणि एक वडी मोडलेली. पाकिटाच्या पाठीचा फोटो एकही नाही. खाली घटक लिहिलेत तर 'निवडक काजू, शुद्ध खवा आणि नैसर्गिक गोडवा' असं काव्य. माल्टिटॉल नाही, माल्टोडेक्स्ट्रिन नाही, तक्ता नाही, जुलाबाची सूचना नाही. रिव्ह्यू सगळे चवीचे, अगदी खऱ्यासारखी लागते, पाच स्टार, जेवणानंतर मशीनवर किती आली ते कोण लिहितंय.

आणि हे असं चालायला नाही पाहिजे असा नियम आहे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमात ऑनलाइन विक्रीबद्दल आहे, लेबलवर जी माहिती सक्तीची आहे ती ग्राहकाला विकण्याआधी दिसायला पाहिजे, बॅच नंबर आणि तारखा तेवढ्या सोडून. मग पैसे घेण्याआधी मागची बाजू दाखवायला काय हरकत आहे? एक फोटो. मोबाईलवर दोन बोटानं मोठा करून वाचता येईल असा एक फोटो आणि तो सात फोटोत पहिला नको, दुसरा असला तरी चालेल. माझी मागणी एवढीच आहे, बाकी त्यांनी आजींना कितीही हसवावं.

तारखेचंही सांगून टाकतो. बॉक्स हातात आला तेव्हा साठ दिवसांपैकी बारा दिवस उरले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयनं ऑनलाइन कंपन्यांना सांगितलंय की माल घरी पोचेल तेव्हा निदान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक पाहिजेत. साठाचे तीस टक्के धरले तरी अठरा दिवस होतात. पुण्याहनं बेळगावला पार्सल यायला काय लागतंय, रात्रीच्या बसला बसलं की पहाटे माणूस इथं, तेव्हा वाटेत वेळ गेला म्हणायलाही जागा नाही.

तक्रार केली का? केली. पहिल्यांदा चॅटवर, तिथं माणूस नाही मशीन बोलतंय, ते म्हणालं खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत. मग फोन, इंग्लिशसाठी एक, हिंदीसाठी दोन, मी दोन दाबला आणि आपल्या बेळगावी हिंदीत सगळं सांगितलं, म्हणजे निम्मं मराठी, मध्ये मध्ये कन्नड. पलीकडची पोरगी गरीब बिचारी ऐकून घेतली, तिला काय कळलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी मेल आला, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोबत शंभर रुपयांचं कूपन. कशावर चालणार तर त्यांच्याच शुगर फ्री लाडवावर! आई म्हणाली, "घे की, फुकट तर फुकट." तिला मी काय सांगू.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर पुढचे-मागचे दोन्ही फोटो टाकले. ऑनलाइन कंपन्यांसाठी २०२० चे ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आहेत, तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर पाहिजे, ४८ तासात पोच द्यायला पाहिजे आणि महिन्याभरात निकाल. हे लिहून मेल टाकला तेव्हा कुठं पूर्ण पैसे परत आले. पण पान अजून तसंच आहे, काल रात्री बघितलं. तेच सात फोटो, तीच आजी हसायलीय.

भाषेचं एक बोलू का? आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा, किती टक्के, वर का खाली, ह्यावरनं काय काय होतंय ते मी तुम्हाला सांगायला नको, तुमचा पेपर त्यानंच भरलेला असतो. पण पाकिटाच्या पाठीवर ना मराठी ना कन्नड, तिथं मात्र दोन्हीकडचं कुणी मोर्चा काढत नाही. नियम म्हणतो सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत पाहिजे, सोबत दुसरी कुठली भाषा घातली तर चालते. म्हणजे कंपनीनं हिंदी निवडली असती तरी आमच्या आईला अक्षर तरी लागलं असतं, ती सातवी शिकलेली आहे, रोज तुमचा पेपर पहिल्या पानापासनं निधन वार्तेपर्यंत वाचते. पण सगळे इंग्रजीच निवडतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, पार येळ्ळूर-उचगावच्या गल्लीपर्यंत पिनकोड टाकला की पार्सल येतंय, ऑर्डर करणारा मुलगा पुण्या-बेंगळूरला आणि खाणारी आई इथं, आणि मधलं ते पाकीट तिच्याशी तिसऱ्याच भाषेत बोलतंय.

इथल्या दुकानांना मी दुधानं धुतलेले म्हणत नाही. मुद्दाम दोन-तीन ठिकाणी विचारून आलो. एके ठिकाणी शुगर फ्री काजू कतलीची वेगळी ट्रे, मी पोराला विचारलं साखरेऐवजी काय घालता, तो म्हणाला कंपनीची पावडर. कुठली पावडर? पांढरी. दुसऱ्या ठिकाणी मालक स्वतः गल्ल्यावर होते, त्यांनी सरळ सांगितलं, काजूचं करून देतो, कुंदा शुगर फ्री होत नाही आणि मी करतही नाही, आईला पाहिजे तर साधा कुंदा चमचाभर द्या आणि त्या दिवशी भात कमी करा. आता हा सल्ला वैद्यकीय आहे का नाही ते डॉक्टर बघतील, पण निदान माणूस तोंडावर बोलला. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायचं ती तारीख लावायचा नियम ऑक्टोबर २०२० पासनं आहे, ती मात्र तिघांपैकी एकाच्याच ट्रेवर होती, ते आपलं जाता जाता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाईल म्हणून सांगतो, कारण ह्यात जिवाचा खेळ आहे. आमच्या गल्लीतले एक रिटायर मास्तर, इन्सुलिनवर आहेत, ते फिरायला जाताना खिशात गोळ्या-चॉकलेट ठेवतात, साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला. त्यांच्या नातवानं कौतुकानं ऑनलाइनवरनं शुगर फ्री गोळ्या मागवून दिल्या आणि मास्तर महिनाभर त्याच खिशात घालून फिरायलेत! अहो, साखर उतरल्यावर खरी साखरच लागते, ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, शुगर फ्री गोळी चघळून ती वर येत नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंगच गेला. ज्यांच्या घरात इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर कुणी आहे त्यांनी आज घरातल्या माणसाचा खिसा तपासा.

माझा गोडव्याच्या पावडरींना विरोध नाही. आईच्या चहात स्टीव्हियाची गोळी असते, डॉक्टरांना विचारून. सुक्रालोज, म्हणजे बर्फीवरचा तो ९५५, साखरेच्या सहाशे पट गोड, म्हणून चिमटीच्या चिमटीनंही काम होतं आणि त्यानं साखर वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं (डब्ल्यूएचओ) मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला म्हणून असली स्वीटनर वापरू नका, त्यावरनं आमच्या गल्लीच्या ग्रुपवर शुगर फ्री म्हणजे विष असे मेसेज फिरले, पण तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता हे कुणी पुढं पाठवलं नाही. आमच्या बायकोसाठी होता, ती बारीक व्हायला म्हणून शुगर फ्री कुकीज मागवते, ज्यात मैदा आणि लोणीच जास्त, पण हे मी इथं लिहिलंय ते तिला दाखवू नका.

आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर धरलेत. एवढी गिऱ्हाइकं समोर दिसल्यावर प्रत्येक जण शुगर फ्रीचं दुकान मांडणार, मांडू दे, आमच्यासारख्यांना पाहिजेच आहे. आईला ह्या वयात गोड तोंड करायला काही नसेल तर कसला सण. चांगली करणारीही आहेत, मी गुढीपाडव्याला एका ठिकाणी मागवलं, छोटी कंपनी, पानावर मागचा तक्ता स्वच्छ, किती वड्या खाव्यात तेही लिहिलेलं, दिवसाला एक. चव यथातथाच होती. पण आईनं एक खाल्ली, दोन तासांनी मशीनवर १७६, आम्ही दोघं त्या आकड्याकडं बघत बसलो, जसं काही पोराचा रिझल्ट लागलाय.

जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा खात्याला तुमच्या पेपरमधनं एवढंच विचारायचंय, दुकानात येऊन पेढ्याचं सॅम्पल घेता तसं कधी मोबाईल उघडून ह्या पिनकोडला काय काय विकलं जातंय त्याचं सॅम्पल घेता का? आणि कंपन्या बाहेरच्या असतील तर ती तक्रार पुढं कुणाकडं धाडायची हे लोकांना कळेल असं एकदा छापून तरी द्या.

शेवटी तुम्हाला एक विनंती. स्वीटनरची नावं पाकिटावर बऱ्याचदा नुसत्या आकड्यात असतात, त्याचा अर्थ मी खाली लिहितोय. ९५१ अॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ह्या तिन्हीनं साखर वाढत नाही. ४२० सॉर्बिटॉल आणि ९६५ माल्टिटॉल, हे दोन पोट बिघडवणारे, ९६७ झायलिटॉलही जास्त झालं तर त्याच रांगेतलं. ९६८ एरिथ्रिटॉल, हे ह्यातलंच पण पोटाला बरंच सोसतं. पत्र छापायला जागा नसली तर बाकीचं काटा, हे आकडे तेवढे चौकटीत छापा. आई कापून फ्रिजला चिकटवणार आहे, तेव्हा टाइप जरा मोठा ठेवा असं तिनं सांगितलंय.

आपला,
एक नियमित वाचक
शहापूर, बेळगाव